वऱ्हाडातील मोबाइल फोन आणि समाजजीवन

वऱ्हाड म्हणजे महाराष्ट्राच्या अमरावती विभागातील अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांचा प्रदेश. इ.स. २००० नंतरच्या दोन दशकांत मोबाइल फोन (भ्रमणध्वनी) या प्रदेशातील बहुसंख्य कुटुंबांपर्यंत पोहोचला. शेतमालाची विक्री, शासकीय योजनांचा लाभ, शिक्षण, आरोग्यसेवा, निवडणूक प्रचार आणि सामाजिक तणाव या सर्व बाबींवर त्याचा परिणाम झाला. कापूस व सोयाबीन पिकवणारा कोरडवाहू पट्टा, मेळघाटातील आदिवासी डोंगराळ भाग आणि अकोला-अमरावतीसारखी व्यापारी शहरे एकाच प्रदेशात असल्याने येथे हा परिणाम एकसारखा दिसत नाही. मोबाइलमुळे माहिती मिळण्यातील अंतर कमी झाले. मात्र त्या माहितीचा उपयोग करण्याची ताकद जमीन, पत, साठवणूक, लिंग आणि भाषा यांवर अवलंबून राहिली.

पार्श्वभूमी

माहितीचा वेग आणि बाजारभाव यांचा संबंध वऱ्हाडाला नवा नाही. एकोणिसाव्या शतकात रेल्वे व तारायंत्र आल्यानंतर वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे लिव्हरपूलच्या बाजाराशी जोडला गेला. अमरावती, अकोला व खामगाव ही कापसाच्या व्यापाराची मोठी केंद्रे बनली. परदेशातील भाव तारेने व्यापाऱ्यापर्यंत पोहोचत असे. कास्तकाराला तो व्यापाऱ्याच्याच तोंडून कळत असे.

स्वातंत्र्योत्तर काळात दूरध्वनी मुख्यतः शहरे व मोठ्या गावांपुरता मर्यादित होता. जोडणीसाठी अनेक वर्षे प्रतीक्षा करावी लागे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून एसटीडी-पीसीओ केंद्रांमुळे तालुक्याच्या ठिकाणी आणि बाजारपेठेच्या गावांत फोन सार्वजनिक सुविधा म्हणून उपलब्ध झाला.

कापसाच्या बाबतीत १९७२ मध्ये महाराष्ट्र शासनाने एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू केली. या योजनेत कापूस शासकीय यंत्रणेलाच विकावा लागत असल्याने भावांची तुलना करण्यास शेतकऱ्याला फारसा वाव नव्हता. २००२ नंतर खासगी व्यापाऱ्यांना खरेदीची मुभा मिळाली आणि एकाच दिवशी वेगवेगळ्या बाजारांत वेगवेगळे भाव मिळू लागले. मोबाइल ग्रामीण भागात पोहोचण्याचा काळ साधारण हाच होता.

प्रसार

भारतातील पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला. सुरुवातीला येणाऱ्या कॉलसाठीही पैसे मोजावे लागत आणि दर मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत होता. पुढील टप्प्यांमुळे ही सेवा सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आली :

• १९९९ – नव्या दूरसंचार धोरणाने कंपन्यांना ठरावीक परवाना शुल्काऐवजी उत्पन्नातील वाटा देण्याची सोय केली.
• २००२ – भारत संचार निगम लिमिटेडने (बीएसएनएल) मोबाइल सेवा सुरू केली. त्याच वर्षी ग्रामीण व दुर्गम भागातील दूरसंचारासाठी सार्वत्रिक सेवा दायित्व निधी स्थापन झाला.
• २००३ – येणारे कॉल मोफत झाले.
• २०११ – क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर लागू झाली.
• २०१६ – रिलायन्स जिओच्या प्रवेशानंतर इंटरनेटचे दर झपाट्याने उतरले.
• २०२२ – देशात ५जी सेवेची सुरुवात झाली.

दूरसंचार प्रशासनाच्या दृष्टीने वऱ्हाड 'महाराष्ट्र व गोवा' परिमंडळात मोडतो. मुंबईचे परिमंडळ वेगळे आहे. अकोल्याचे तत्कालीन खासदार संजय धोत्रे हे २०१९ ते २०२१ या काळात केंद्रीय दळणवळण राज्यमंत्री होते.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतातील ६३.२ टक्के कुटुंबांकडे दूरध्वनी अथवा मोबाइल होता, तर घराच्या आवारात शौचालय असलेली कुटुंबे ४६.९ टक्के होती. इतर पायाभूत सुविधांच्या आधी फोन पोहोचणे हे अनेक गरीब देशांतील विकासाचे वैशिष्ट्य मानले जाते. तारा टाकण्याचा खर्च नसणे, थोड्या रकमेचे रिचार्ज आणि वापरलेल्या हँडसेटचा बाजार ही त्यामागील प्रमुख कारणे होत. पुढे स्वस्त रिचार्जचे पर्याय कमी झाले. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दरवाढ केली. त्याच वर्षाच्या अखेरीस भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) इंटरनेट न वापरणाऱ्या ग्राहकांसाठी केवळ कॉल व संदेशांची स्वतंत्र योजना ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले.

शेती आणि बाजारपेठ

भावाची माहिती

कापूस, सोयाबीन, तूर आणि हरभरा ही वऱ्हाडातील प्रमुख नगदी पिके आहेत. वरुड व मोर्शी तालुके संत्र्यासाठी प्रसिद्ध आहेत. मोबाइलपूर्व काळात शेतकऱ्याला भाव समजण्यासाठी कृषी उत्पन्न बाजार समितीत माल घेऊन जावे लागे अथवा गावात 'खेडा खरेदी'साठी येणाऱ्या व्यापाऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागे. आता अकोला, अकोट, अमरावती अशा बाजारांतील त्या दिवसाचे भाव अडत्याला फोन करून किंवा व्हॉट्सॲप गटांवरून घरबसल्या कळतात.

भाव कळल्याने भाव वाढून मिळतो का, या प्रश्नावर अभ्यासकांचे निष्कर्ष वेगवेगळे आहेत. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये केरळमधील मासेमारीविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोबाइल आल्यानंतर तेथील किनाऱ्यावरच्या बाजारांमधील भावांतील तफावत कमी झाली, मासळी वाया जाणे जवळजवळ थांबले आणि मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला, असे त्यांना आढळले. याउलट मार्सेल फाफशां आणि बार्ट मिन्टेन यांनी महाराष्ट्रातील १०० गावांत 'रॉयटर्स मार्केट लाइट' या संदेशसेवेची चाचणी घेतली. २००७ मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेली ही सेवा बाजारभाव, हवामान व पीकसल्ला मराठीतून पाठवीत असे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सेवा घेणाऱ्या शेतकऱ्यांना मिळालेल्या सरासरी भावात लक्षणीय फरक दिसला नाही. अभ्यासातील पिकांमध्ये सोयाबीनचाही समावेश होता.

या दोन निष्कर्षांतील फरक वऱ्हाडाची स्थिती समजण्यास उपयोगी पडतो. मच्छीमार आपली नाव दुसऱ्या बंदरात नेऊ शकतो. कोरडवाहू शेतकऱ्याला मात्र हंगामाच्या सुरुवातीला घेतलेले पीककर्ज किंवा कृषी सेवा केंद्राची उधारी फेडण्यासाठी, तसेच रब्बीची पेरणी व सणाच्या खर्चासाठी माल निघताच विकावा लागतो. दूरच्या बाजाराचा वाहतूक खर्च थोड्या क्विंटलांना परवडत नाही. त्यामुळे भावाची माहिती मिळूनही ती वापरण्यास ज्याच्याकडे साठवणुकीची जागा व रोख रक्कम आहे, तोच अधिक समर्थ ठरतो. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना या अडचणीवरील उपाय म्हणून राबवली जाते. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घेण्याची तीत तरतूद आहे.

कापसाच्या हमीभावाच्या खरेदीतही मोबाइल आवश्यक बनला आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये प्रतिक्विंटल हमीभाव होता. हा भाव मिळण्यासाठी भारतीय कापूस महामंडळाने 'कपास किसान' या ॲपवर नोंदणीची पद्धत सुरू केली.

पीकसल्ला व हवामान

किसान कॉल सेंटर ही केंद्र शासनाची दूरध्वनी सल्लासेवा जानेवारी २००४ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात २००९-१० पासून 'क्रॉपसॅप' हा कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्प राबवला जातो. त्यात कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा अशा पिकांवरील किडींची निरीक्षणे नोंदवून शेतकऱ्यांना संदेशाद्वारे सल्ला दिला जातो. अकोल्यात मुख्यालय असलेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ (स्थापना १९६९) हे विदर्भातील शेतीविषयक संशोधन व सल्ल्याचे प्रमुख केंद्र आहे. विजेचा पूर्वइशारा देणारे 'दामिनी' हे ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केले आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्यात उघड्या शेतात काम करणाऱ्या मजुरांसाठी या इशाऱ्यांचे महत्त्व मोठे आहे.

ओलिताच्या शेतीत मोबाइलवरून चालणारा पंप स्टार्टर विशेष लोकप्रिय झाला. कृषिपंपांना पाळीपाळीने, अनेकदा रात्री वीजपुरवठा होतो. पूर्वी पंप सुरू करण्यासाठी अंधारात विहिरीवर जावे लागे. साप-विंचू वा वन्यप्राण्यांचा धोका त्यात असे. सिमकार्ड बसवलेल्या स्टार्टरला घरून कॉल करून पंप चालू वा बंद करता येतो.

ई-पीक पाहणी

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. तोपर्यंत सात-बारा उताऱ्यावरील पिकांची नोंद तलाठी करीत असे. नव्या पद्धतीत शेतकरी स्वतः शेतात उभा राहून ॲपद्वारे पिकाचे छायाचित्र व स्थाननोंद पाठवतो. पीकविमा, नुकसानभरपाई आणि हमीभावाने विक्री यांसाठी ही नोंद महत्त्वाची असते. यामुळे कार्यालयातील खेपा कमी झाल्या व आपली नोंद आपण करण्याचा अधिकार मिळाला. त्याचबरोबर ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, त्याला मुलगा, शेजारी किंवा नेमलेला सहायक यांच्यावर अवलंबून राहावे लागते. विहित मुदतीत नोंद झाली नाही तर पीक शेतात असूनही ते कागदावर नसते.

मेळघाट आणि हरिसाल

अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा हे तालुके मेळघाट म्हणून ओळखले जातात. सातपुड्याच्या या डोंगराळ भागात प्रामुख्याने कोरकू समाजाची वस्ती आहे. १९७४ मध्ये येथे व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. विखुरलेल्या वस्त्या, कमी ग्राहकसंख्या, अपुरी वीज आणि मनोऱ्यांसाठी लागणाऱ्या वनविषयक परवानग्या यांमुळे खासगी कंपन्यांनी येथे उशिरा व मर्यादित प्रमाणात सेवा दिली. संपर्कक्षेत्राबाहेरील मतदान केंद्रांसाठी निवडणूक यंत्रणेला बिनतारी संच व संदेशवाहकांची व्यवस्था करावी लागते.

संपर्काचा हा अभाव आरोग्याच्या दृष्टीने गंभीर ठरतो. १९९० च्या दशकापासून मेळघाट बालमृत्यू व कुपोषणामुळे चर्चेत आहे. राज्यात २०१४ पासून '१०८' क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे. परंतु प्रसूतीच्या वेळी ती बोलावण्यासाठी आधी मोबाइलचा संपर्क मिळणे आवश्यक असते.

परतवाडा-धारणी मार्गावरील हरिसाल या गावाची २०१६ मध्ये राज्य शासन व मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या सहकार्याने 'डिजिटल गाव' म्हणून निवड झाली. इंटरनेट जोडणी, दूरवैद्यकीय सल्ला, शाळेत संगणकीय साधने आणि रोकडविरहित व्यवहार हे या प्रकल्पाचे घटक होते. देशातील पहिले डिजिटल गाव म्हणून त्याचा प्रचार करण्यात आला.

एप्रिल २०१९ मध्ये लोकसभा निवडणुकीच्या प्रचारसभांत महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे अध्यक्ष राज ठाकरे यांनी हरिसालमधील सुविधांच्या स्थितीवर टीका करणाऱ्या चित्रफिती दाखवल्या. शासकीय जाहिरातीत लाभार्थी म्हणून दिसलेल्या गावातील एका तरुणालाही त्यांनी व्यासपीठावर आणले. भारतीय जनता पक्षाने हे आरोप फेटाळले. या सभांतील 'लाव रे तो व्हिडिओ' हे वाक्य राज्यभर प्रसिद्ध झाले. सभेतील चित्रफिती पुढे लोकांच्या मोबाइलवरच फिरल्या, त्यामुळे मेळघाटातील एका गावाची जोडणी हा राज्यव्यापी राजकीय वादाचा विषय बनला. साधने बसवण्याइतकेच त्यांची देखभाल, वीजपुरवठा आणि स्थानिक प्रशिक्षण यांनाही महत्त्व असते, हा मुद्दा या वादातून पुढे आला.

केंद्र शासनाने जुलै २०२२ मध्ये संपर्काबाहेरील गावांत ४जी सेवा पोहोचवण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांचा देशव्यापी प्रकल्प मंजूर केला. त्याची अंमलबजावणी बीएसएनएलकडे देण्यात आली.

शासकीय योजना

२०१७ च्या शेतकरी कर्जमाफी योजनेत ऑनलाइन अर्ज बंधनकारक झाल्यापासून मोबाइल क्रमांक आणि त्यावर येणारा सांकेतिक क्रमांक (ओटीपी) हे शासन व नागरिक यांच्यातील नित्याचे माध्यम बनले. लाभाची रक्कम थेट बँक खात्यात जमा होऊ लागल्याने मध्यस्थांचे प्रमाण काही अंशी घटले. दुसरीकडे सेतू केंद्र व ऑनलाइन सेवा देणारी दुकाने हा नवा मध्यस्थवर्ग निर्माण झाला. बंद पडलेले सिमकार्ड, बदललेला क्रमांक किंवा आधारशी न जोडलेला मोबाइल यांमुळे पात्र व्यक्तीचा लाभ अडकण्याचे प्रकार घडतात.

रोजगार हमीच्या कामांवरील मजुरांची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून मोबाइल ॲपवर छायाचित्रासह नोंदवणे देशभर बंधनकारक झाले. खोट्या हजेरीला आळा घालणे हा त्याचा हेतू होता. मेळघाटासारख्या भागात मात्र मजुरी मिळणे मोबाइल संपर्काच्या उपलब्धतेशी जोडले गेले.

स्त्रिया आणि मोबाइल

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार भारतात स्वतः वापरत असलेला मोबाइल सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे होता. कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण ३३ टक्के, तर पुरुषांचे ५७ टक्के होते. 'घरात मोबाइल आहे' आणि 'बाईच्या हाती मोबाइल आहे' या दोन गोष्टींतील अंतर ग्रामीण भागात अधिक आढळते.

२०२४ मध्ये सुरू झालेल्या 'मुख्यमंत्री – माझी लाडकी बहीण' योजनेत पात्र स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये देण्यात येतात. सुरुवातीचे अर्ज 'नारीशक्ती दूत' ॲपद्वारे, अनेक ठिकाणी अंगणवाडी सेविकांच्या मदतीने भरले गेले. २०२५ मध्ये लाभार्थी पडताळणीसाठी स्त्रीच्या आधारबरोबर पती अथवा वडिलांच्या आधारशी जोडलेल्या क्रमांकावरील ओटीपीही मागण्यात आला. विधवा व परित्यक्ता स्त्रियांना त्यामुळे अडचणी आल्या.

अंगणवाडी सेविका स्वतःही मोबाइलच्या राजकारणाचा भाग ठरल्या. २०२१ मध्ये 'पोषण ट्रॅकर' ॲपमध्ये माहिती भरणे अनिवार्य झाले. शासनाने दिलेले हँडसेट कमी क्षमतेचे असणे आणि ॲप इंग्रजीत असणे याच्या निषेधार्थ त्या वर्षी राज्यभरातील सेविकांनी मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले.

शिक्षण आणि कोरोनाकाळ

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यानंतर राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' हा उपक्रम सुरू केला. दैनंदिन अभ्यासमाला व्हॉट्सॲपद्वारे शिक्षकांमार्फत पालकांपर्यंत पाठवली जात असे. ज्या घरात एकच स्मार्टफोन होता तेथे तो दिवसा कामावर गेलेल्या व्यक्तीबरोबर जाई. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेच्या प्रारंभी अमरावतीत राज्यातील इतर भागांच्या आधी टाळेबंदी लागू झाली, त्यामुळे येथील विद्यार्थ्यांचा खंड लांबला. कोरकू भाषा ही मुंडा गटातील असून मराठीपेक्षा मुळातच वेगळी आहे. त्यामुळे मराठीतील डिजिटल साहित्य कोरकू मुलांसाठी दुसऱ्या भाषेतील साहित्य ठरले.

राजकारण

मोबाइलमुळे संघटन करण्याचा खर्च घटला. २०११ मधील अण्णा हजारे यांच्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनात 'मिस्ड कॉल' देऊन पाठिंबा नोंदवण्याची पद्धत वापरली गेली. भारतीय जनता पक्षाने २०१४ मध्ये सदस्यनोंदणीसाठी तीच पद्धत स्वीकारली. सप्टेंबर २०१६ मध्ये अकोला व अमरावती येथे निघालेल्या मराठा क्रांती मोर्चांच्या नियोजनात व्हॉट्सॲप गटांचा मोठा वापर झाला.

ग्रामपंचायत पातळीवर गावाच्या व्हॉट्सॲप गटावर पाणीपुरवठा, रस्ता अथवा घरकुल यादीविषयी उघड प्रश्न विचारले जातात. पूर्वी असे प्रश्न ग्रामसभेपुरते राहत. मात्र गटावरील चर्चेला ग्रामसभेच्या ठरावासारखे कायदेशीर बळ नसते.

अफवा, हिंसाचार आणि इंटरनेटबंदी

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या समाजमाध्यमांवरील अफवेतून भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांची जमावाने हत्या केली. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात संदेश पुढे पाठवण्यावर पाच जणांची मर्यादा घातली.

वऱ्हाडातही अशा माध्यमांशी निगडित तणावाच्या घटना घडल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्रिपुरातील घटनांच्या निषेधार्थ निघालेला मोर्चा व त्यानंतरचा बंद यांदरम्यान अमरावती शहरात हिंसाचार झाला. संचारबंदीबरोबर इंटरनेट सेवाही बंद करण्यात आली. जून २०२२ मध्ये अमरावतीत समाजमाध्यमावरील मजकुराच्या कारणावरून एका औषध व्यावसायिकाची हत्या झाल्याचा आरोप पुढे आला. त्याचा तपास राष्ट्रीय अन्वेषण संस्थेकडे सोपवला गेला. मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुने शहर भागात समाजमाध्यमावरील मजकुरावरून दंगल उसळली. तीत एकाचा मृत्यू झाला व इंटरनेट सेवा काही काळ खंडित करण्यात आली.

इंटरनेटबंदीसाठी २०१७ चे व त्यांच्या जागी आलेले २०२४ चे केंद्रीय नियम लागू होतात. अनुराधा भसीन खटल्यात (१० जानेवारी २०२०) सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध करणे आणि ते प्रमाणशीर असणे आवश्यक ठरवले. बंदीमुळे अफवा रोखण्यास मदत होते, असे प्रशासन मानते. तथापि त्या काळात यूपीआयवर अवलंबून असलेले फेरीवाले, ऑटोचालक, लहान दुकानदार आणि परीक्षार्थी यांचेही नुकसान होते. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, समान हेतू वा पूर्वनियोजन सिद्ध झाल्याशिवाय सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी व्हॉट्सॲप गटाच्या ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही, असा निर्णय दिला. वऱ्हाड याच खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतो.

इतर देशांशी तुलना

बांगलादेशात १९९७ मध्ये ग्रामीण संस्थेने कर्जावर फोन देऊन खेड्यातील स्त्रियांना 'फोनवाली' म्हणून व्यवसाय मिळवून दिला. केनियात २००७ मध्ये सुरू झालेल्या एम-पेसा सेवेमुळे बँक खाते नसलेल्यांनाही साध्या मोबाइलवरून पैसे पाठवता येऊ लागले. नायजरमधील धान्यबाजारांचा अभ्यास करणाऱ्या जेनी अकर यांना मोबाइलमुळे बाजारांमधील भावांची तफावत किमान १० टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

भारतात पैशांच्या देवाणघेवाणीची यूपीआय व्यवस्था २०१६ मध्ये सुरू झाली. ती बँक खात्यावर आधारलेली असल्याने तिचा प्रसार जनधन खाती व स्वस्त इंटरनेट यांच्यानंतर झाला. वऱ्हाडाचा अनुभव केनियापेक्षा या बाबतीत वेगळा आहे : येथे मोबाइलने बँकेची जागा घेतली नाही, तर तो बँक, आधार व शासकीय कार्यालय यांच्यापर्यंत जाण्याचा मार्ग बनला. त्यामुळे तो हाती नसणे म्हणजे त्या सर्वांपासून दूर राहणे, अशी स्थिती निर्माण झाली आहे.

हे सुद्धा पाहा

• वऱ्हाड
• मेळघाट
• हरिसाल
• कोरकू भाषा
• ई-पीक पाहणी
• एकाधिकार कापूस खरेदी योजना
• डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ
• भारतातील दूरसंचार